घरी इंग्रजी, वर्गात गेलिक: पहिलीच्या मुलांना अनोळखी भाषेतून कसं शिकवायचं

ऑगस्टच्या मध्यात स्कॉटलंडमधल्या शाळा उघडतात. गेलिक, म्हणजे स्कॉटलंडची जुनी स्थानिक भाषा. त्या माध्यमाच्या पहिलीच्या वर्गात साडेचार-पाच वर्षांची पोरं दप्तरं सांभाळत आत येतात आणि बाई जी भाषा बोलायला लागतात, ती त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी कोणालाच येत नाही. काही मुलं गेलिक बालवाडीतून आलेली असतात, त्यांच्या कानाला ती ओळखीची असते. बाकीची नुसती बघत राहतात.

मी कोकणातल्या जिल्हा परिषद शाळेत काही वर्षं शिकवलं. मग ग्लासगोला आले, हट्टाने गेलिक शिकले, आणि आता अशा वर्गांत शिक्षिकेची मदतनीस म्हणून काम करते. इथली मराठी मंडळी विचारतात, ‘अगं, मुलांना कळतं तरी कसं?’ कळण्याची चिंता करू नका. समजणं तीन-चार महिन्यांत बऱ्यापैकी येतं. बोलणं आपोआप येत नाही, आणि बाईंची सगळी कसोटी तिथेच लागते. खाली जे लिहिलंय ते त्याच अंगाने. शिकवणाऱ्यांसाठी तर आहेच, पण मूल अशा शाळेत घालायचा विचार करणाऱ्या पालकांनाही उपयोगी पडेल.

(गेलिक शब्द देवनागरीत लिहिताना उच्चार जवळपासचेच उतरतात. ‘ख़’ दिसला की घशातून घासून काढायचा. आणि इथले लोक स्वतःच्या भाषेला ‘गालिक’ म्हणतात.)

आधी जमीन पाहून घ्या

१८७२च्या शिक्षण कायद्याने स्कॉटलंडमध्ये शाळा सक्तीची केली, पण त्यात गेलिकसाठी एक ओळही नव्हती. घरी गेलिक बोलणारी मुलं इंग्रजी शाळेत गेली, आणि वर्गात तोंडून गेलिक निघालं म्हणून कित्येकांनी मारही खाल्ला. उलटं चाक फिरायला १९८५ उजाडलं. त्या वर्षी ग्लासगो आणि इनव्हरनेसमधल्या एकेका शाळेत गेलिक माध्यमाचा वर्ग निघाला. दोन्हीकडची मिळून २४ मुलं. २००६ मध्ये ग्लासगोत बालवाडीपासून शाळा संपेपर्यंत गेलिकमधून शिकवणारी शाळा उभी राहिली, २००७ मध्ये इनव्हरनेसला आणि २०१३ मध्ये एडिंबराला स्वतंत्र गेलिक प्राथमिक शाळा आल्या. वेस्टर्न आइल्स या बेटांच्या परिषदेने तर २०२० मध्ये ठरवलं, की पालकांनी वेगळं सांगितलं नाही तर पहिलीतल्या मुलाचं नाव गेलिक वर्गातच घालायचं.

तरी आकडा डोक्यात ठेवा. २०२२च्या जनगणनेत गेलिक बोलणारे ६९,७०१. साधारण ५४ लाखांच्या देशात एवढेच. म्हणजे मूल शाळेबाहेर पडलं, की दुकानात, बसमध्ये, आजीकडे सगळीकडे इंग्रजी. भाषा मिळण्याची जागा एकच, ती म्हणजे तुमचा वर्ग.

शाळांची चौकट साधी आहे. पहिली ते तिसरी सगळं गेलिकमधून, याला इथे ‘पूर्ण इमर्शन’ म्हणतात. चौथीपासून सातवीपर्यंत इंग्रजी विषय म्हणून येतो, पण गणित, परिसर, चित्रकला, सगळ्याचं माध्यम मुख्यतः गेलिकच राहतं. तुमच्या गावात असा वर्ग नसेल तर २०१६च्या कायद्याने पालकांना स्थानिक परिषदेकडे तो मागण्याचा हक्क दिलाय. एकाच वर्षी शाळेत जाणाऱ्या पाच मुलांची मागणी दिसली, की परिषदेला ती बाजूला सारता येत नाही.

पहिली पायरी: स्वतःची भाषा तपासा, आणि ती बारीकसारीक हवी

शिक्षक म्हणून अधिकृत नोंदणी तर लागतेच. गेलिकसाठी स्काय बेटावरच्या ‘सावल मोर ओस्टेग’ या १९७३ साली सुरू झालेल्या महाविद्यालयापासून ते विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांपर्यंत वाटा आहेत, आधीपासून इंग्रजीत शिकवणाऱ्या शिक्षकांना भाषा बदलून घेण्याचेही कोर्स आहेत. त्यात फार थांबत नाही.

अडचण वेगळीच येते. गेलिकमध्ये कवितेवर बोलता येणाऱ्या माणसालासुद्धा ‘शेंबूड पूस’, ‘रांगेत ढकलू नकोस’, ‘चेन अडकली का?’, ‘डिंकाचं झाकण लाव’ हे पटकन सुचत नाही. आणि वर्गात दिवसभर लागतं ते हेच. म्हणून जुलैच्या सुट्टीत एक वही करा. शाळेचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा, मूल दारातून आत येतं तिथपासून बसमध्ये चढेपर्यंत, आणि प्रत्येक क्षणी तुमच्या तोंडून जे वाक्य निघेल ते गेलिकमध्ये लिहून काढा. माझ्या वहीत शंभराच्या वर वाक्यं झाली होती, त्यातली निम्मी मला आधी येतच नव्हती. ती एखाद्या बेटावरच्या, गेलिक घरात वाढलेल्या माणसाकडून तपासून घ्या. शब्दकोशातून जुळवलेलं वाक्य बरोबर असतं, पण तसं कोणी बोलत नाही.

दुसरी पायरी: पहिले सहा आठवडे, आणि कोटाचं वाक्य

या काळात शिकवण्याची घाई नको. रोज तेच, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत, त्याच हातवाऱ्यांसकट. ‘सुई शीअस’ म्हणजे खाली बस, म्हणताना हात खाली, ‘दून अन दोरस’ म्हणजे दार लाव, म्हणताना दाराकडे चालत जायचं. ‘कुर ओर्स्ट तो ख़ोता’, म्हणजे तुझा कोट अंगात घाल. ग्लासगोच्या पावसात हे वाक्य दिवसातून चार वेळा लागतं, म्हणून मुलांना सगळ्यात आधी तेच कळतं.

शब्द बदलू नका. आज ‘कोट घाल’ आणि उद्या ‘कोट चढव’ असं केलं तर आपल्या कानाला गंमत वाटेल, पण मुलाला ती दोन वेगळी कोडी होतात.

आणि भाषांतर करू नका. आधी गेलिकमध्ये सांगून मग तेच इंग्रजीत सांगितलं, की मूल दोन दिवसांत शहाणं होतं आणि पहिलं वाक्य ऐकायचंच सोडतं. इंग्रजी येणारच आहे ना मागून! कळलं नाही तर दाखवा, करून दाखवा, चित्र काढा, कळलेल्या दुसऱ्या मुलाला पुढे करा.

माझी स्वतःची चूक सांगते. पहिल्याच महिन्यात एक मुलगा बूट भिजले म्हणून हमसाहमशी रडायला लागला. मला राहवलं नाही, खाली बसले आणि इंग्रजीत समजूत काढली. कोणीही काढली असती. पण पुढचे तीन आठवडे आख्खा वर्ग माझ्याशी इंग्रजीतच बोलत होता. मुलं माणसांवर भाषेची चिठ्ठी चिकटवतात. या बाई गेलिकच्या, या बाई इंग्रजीच्या. एकदा चिकटली की निघता निघत नाही. मूल आजारी असेल, कुठे लागलं असेल, फार घाबरलं असेल तर इंग्रजी बोला, त्यात पाप नाही. फक्त शक्य असेल तर ते वर्गाबाहेर नेऊन, किंवा ज्यांच्यावर ती चिठ्ठी आधीच आहे अशा कोणाकडून.

मूल मात्र या काळात इंग्रजीत बोलेल, बोलू द्या. तुम्ही तेच गेलिकमध्ये म्हणून पुढे जा. रागावण्याचा तर प्रश्नच नाही, या भाषेचा तो इतिहास पुरे झाला.

तिसरी पायरी: तोंड उघडवणं

नोव्हेंबरपर्यंत मुलं सांगितलेलं सगळं करायला लागतात आणि बाई खूश होतात. इथेच फसगत होते. मूल सात वर्षं असंच, सगळं कळून आणि इंग्रजीत उत्तर देऊन, काढू शकतं.

बोलतं करायचा एक उतार असतो, तो सोडू नका. आधी नुसती कृती. मग दोनातून एक निवडायला लावणारा प्रश्न: हातात दोन पेले धरायचे आणि विचारायचं, ‘बान्य नो उश्क्य?’ दूध की पाणी? उत्तर प्रश्नातच दडलेलं असतं, मुलाने फक्त उचलायचं. (उश्क्य म्हणजे पाणी. ‘जीवनाचं पाणी’ या गेलिक नावातून जगाला व्हिस्की हा शब्द मिळाला. पहिलीत हे सांगायची गरज नाही, पालकसभेत चालतं.) मग अर्धं वाक्य तुम्ही म्हणायचं आणि थांबायचं. आणि मग पूर्ण वाक्य, ज्याच्याशिवाय काम अडेल असं.

काम अडणं महत्त्वाचं. ‘अम फूत मी अ घोल घन ताय-वेक?’ म्हणजे मी शौचालयात जाऊ का? हे वाक्य नाताळपर्यंत प्रत्येक मुलाला पाठ होतं, कारण त्याला पर्याय नसतो. मग बाकीच्या गोष्टीही तशाच अडवून ठेवा: कात्री, निळा खडू, खेळायचा चेंडू. मागितल्यावर लगेच द्या, आणि उच्चार चुकला तरी द्या.

गेलिकमध्ये ‘हो’ आणि ‘नाही’ असे सुटे शब्दच नाहीत. ‘अ वेल ऊ स्की?’, दमलास का, याला उत्तर ‘हा’ म्हणजे आहे, किंवा ‘ख़न येल’ म्हणजे नाहीये. ‘जाऊ का?’ला उत्तर ‘फूती’, म्हणजे जाऊ शकतोस. इंग्रजी घरातलं मूल मान डोलवून मोकळं होतं किंवा ‘येस’ म्हणतं. मराठी मुलांना इथे फायदा आहे. आपणही ‘येतोस का?’ला ‘येतो’ म्हणतोच की. तसंच ‘माझ्याकडे पुस्तक आहे’. इंग्रजीत माणूस पुस्तक बाळगतो, गेलिकमध्ये ‘हा ल्योअर आकम’, पुस्तक माझ्यापाशी असतं. भूकसुद्धा आपल्याला लागते, तशी तिथे माणसावर येऊन बसते. हे शिकताना मला आपल्या गावचं कोणी भेटल्यासारखं झालं होतं.

मान डोलावणं स्वीकारू नका. हसत हसत कानावर हात ठेवा आणि थांबा. पाच सेकंद शांतता सहन करणं ही या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे.

चौथी पायरी: वाचन, आणि पालकांची झोप

गेलिकची अक्षरं अठरा. ‘व’ ध्वनीसाठी वेगळं अक्षर नाही, तो ‘ब’ किंवा ‘म’च्या अक्षरापुढे ‘ह’चं अक्षर जोडून लिहितात. म्हणून पहिल्या आठवड्यापासून जोड्या शिकवा, सुटी अक्षरं पुरत नाहीत. लेखन दिसतं भीतिदायक, पण इंग्रजीपेक्षा नियमाला कितीतरी धरून आहे. स्टोर्नोवेला ‘स्तोरलन’ नावाची संस्था आहे, १९९९ पासून ती गेलिक शाळांसाठी पुस्तकं आणि साहित्य तयार करते. तिचा ध्वनींवर आधारलेला वाचनक्रम तयार मिळतो, तोच घ्या, नवा शोधत बसू नका.

शुद्धलेखनाचा एकच नियम मुलांना गाण्यासारखा पाठ करवा: ‘कूल री कूल इस ल्येहन री ल्येहन’. अरुंद स्वराशेजारी अरुंद, रुंदाशेजारी रुंद. व्यंजनाच्या एका बाजूला इ-ए हे अरुंद स्वर असतील तर दुसऱ्या बाजूलाही त्याच गटातला स्वर हवा. दुसरीत हे डोक्यात बसलं की निम्म्या चुका जातात.

शब्दाचं तोंड बदलतं त्याचं मात्र पहिलीत व्याकरण शिकवू नका. ‘बाता’ म्हणजे होडी, माझी होडी मात्र ‘मो वाता’. ‘माहर’ म्हणजे आई, माझी आई ‘मो वाहर’. आपल्याकडे शब्दाची शेपटी बदलते, घोडा पण घोड्याला. इथे डोकं बदलतं. आपण कोणी सामान्यरूपाचा नियम शिकून ‘घोड्याला’ म्हणायला लागलो नाही. हजार वेळा ऐकलं आणि बोललो. तेच इथे.

आता पालक. दुसरीच्या सुमाराला फोन येतात: शेजारचं मूल इंग्रजी गोष्टींची पुस्तकं वाचतंय, आमचं वाचत नाही. हे होणारच. इंग्रजी वाचन शाळा नंतर सुरू करते, आणि तोवर मुलाला ‘अक्षरांतून आवाज काढायचा’ ही कला आलेलीच असते, ती दुसऱ्या भाषेत लवकर उतरते. स्कॉटलंडमध्ये १९९९ आणि २०१० साली झालेल्या अभ्यासांत सातवीपर्यंत ही मुलं इंग्रजीत इतरांच्या मागे नसल्याचं, काही बाबतींत पुढेच असल्याचं दिसलं. हे पालकांना पहिलीत प्रवेशाच्या वेळीच सांगा. दुसरीत सांगितलं की ती सारवासारव वाटते.

पाचवी पायरी: गणित, म्हणजे विसांचा गुंता

जुनं गेलिक विसाविसांनी मोजतं. वीस म्हणजे ‘फीख़त’, चाळीस ‘दा ईख़त’, दोन विसा. आपल्याकडची जुनी माणसं ‘तीन विसा आणि पाच’ म्हणायची, तसंच अगदी. एकोणसाठ म्हणजे दोन विसा आणि एकोणीस. पाच वर्षांच्या मुलाने दशक-एकक शिकताना हे करायचं म्हणजे कठीण. म्हणून शाळांत दहाची पद्धत वापरतात: चाळीसला ‘केरत’, पन्नासला ‘कूकत’, आणि एकोणसाठला ‘पन्नास आणि नऊ’. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ आलं तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता! इथेही आजी-आजोबा नाराज होतात. पण गणित शिकवताना दहाची पद्धत घ्या, आणि विसांची मोजणी गोष्टीत, बाजार-बाजार खेळताना, म्हाताऱ्या पाहुण्यांबरोबर येऊ द्या. नाहीतर मूल आजोबांशी वयाबद्दल बोलूच शकणार नाही.

शाब्दिक उदाहरणांत अडलेलं मूल गणितात अडलंय की भाषेत, हे आधी बघा. तेच उदाहरण मणी किंवा काड्या देऊन मांडायला लावा. मांडता आलं तर गणित ठीक आहे.

सहावी पायरी: विषय शिकवताना दोन याद्या

परिसराचा कोणताही पाठ घेण्याआधी कागदाचे दोन भाग करा. एकीकडे पाठातले खास शब्द, म्हणजे बाष्प, ढग, नदी. दुसरीकडे त्या पाठात मुलांना लागणारी वाक्यं: ‘मला वाटतं की’, ‘आधी... मग’, ‘कारण’, ‘यापेक्षा जास्त’. बहुतेक शिक्षक पहिली यादी करतात आणि दुसरी विसरतात. मग मुलाला बाष्पीभवनाचा गेलिक शब्द येतो, पण ‘पाणी कुठे गेलं असेल?’ यावर ते इंग्रजीत बोलतं, कारण विचार करायची वाक्यं कोणी दिलेलीच नसतात. एका पाठाला आठ शब्द आणि दोन वाक्यं पुरतात. वाक्यं मात्र पुढच्या तीन पाठांत पुन्हा आणा.

फुकटचं साहित्य म्हणजे नकाशा. रस्त्यांवरच्या पाट्या कित्येक ठिकाणी दोन भाषांत आहेत. इनव्हरनेस म्हणजे नेस नदीचं मुख. फोर्ट विल्यमचं गेलिक नाव ‘अन गेरस्तन’, म्हणजे नुसती ‘छावणी’. कोणाचा विल्यम, कसला किल्ला, लोकांनी त्या राजाचं नाव घेतलंच नाही! चौथी-पाचवीतल्या मुलांना हे भयंकर आवडतं. डोंगर, खाडी, दरी यांचे शब्द त्यांना आधीच येत असतात, फक्त ते गेलिक आहेत हे माहीत नसतं.

लहान शाळांत दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात. इथल्या नियमाने अशा वर्गात २५च्या वर मुलं नसतात. आपल्या द्विशिक्षकी शाळेत ज्यांनी काम केलंय त्यांना हे अंगवळणी असेल. भाषेच्या दृष्टीने तो फायदाच आहे, कारण तिसरीचं मूल पहिलीच्या मुलाला जे शिकवतं ते बाईंना जमत नाही. त्यांना जोडीने बसवा.

सातवी पायरी: चुका

एक चूक प्रत्येक वर्गात ऐकू येते: ‘हा मी बालख़’, मी मुलगा आहे. इंग्रजीवरून बेतलेलं. गेलिकमध्ये ‘मी दमलोय’ला ‘हा मी’ चालतं, पण ‘मी अमुक कोणी आहे’ म्हणायला ‘शे बालख़ अ हानम’ लागतं, शब्दशः माझ्यात मुलगा आहे. पहिली-दुसरीत फक्त बरोबर रूप परत म्हणून दाखवा. तिसरीनंतर तेवढं पुरत नाही. मुलांना वाटतं बाई आपल्याला दुजोरा देतायत, आणि चूक तशीच पक्की होते. तेव्हा आठवड्याला एकच चूक निवडा, दहा मिनिटं उघडपणे शिकवा, खेळ घ्या, आणि त्या आठवड्यात फक्त तीच पकडा. सगळ्याच चुका पकडल्या तर मूल बोलायचं बंद होतं, आणि मग दुरुस्त करायला काही उरतच नाही.

आठवी पायरी: चौथीनंतरची गळती

इंग्रजी विषय म्हणून सुरू झाला, की मैदानावर आधीपासूनच असलेलं इंग्रजी हळूहळू बाकावर येऊन बसतं. बाईंशी गेलिक, मैत्रिणीशी इंग्रजी. गेलिक शाळांत शिकून मोठ्या झालेल्या लोकांना संशोधकांनी गाठलं, तेव्हा भाषा येते पण रोजच्या आयुष्यात फारशी वापरत नाही, असंच बहुतेकांकडून ऐकायला मिळालं. म्हणून मुला-मुलांमधली भाषा हे चौथी ते सातवीचं खरं काम आहे. खेळांची भाषा मुद्दाम शिकवा: आऊट, माझी पाळी, खोटं बोलतोयस, परत घे. भांडायला शब्द नसतील तर मुलं भांडणार इंग्रजीतच. चिडवायचे दोन-चार निरुपद्रवी शब्दही द्या, मला त्यावरून एकदा टोकलं गेलंय, तरी सांगते. गाणी, नाटक, ‘मोद’ नावाच्या स्पर्धा, ‘फेश’ म्हणजे संगीताची शिबिरं, हे सगळं जोडा. तिथे मुलांना कळतं, की बाई नसतानाही लोक ही भाषा बोलतात.

घरी काय करायचं

पालकांना गेलिक येत नसेल तर त्यांना शिक्षक बनवू नका. मुलाला मोठ्याने वाचू द्या, आपण शेजारी बसून ऐका, चित्रावर बोट ठेवून ‘हे काय?’ विचारा. पुस्तकांची ध्वनिमुद्रणं ऑनलाइन मिळतात, ‘कोमन नम पारन्त’ या पालकसंघाच्या शाखा बऱ्याच गावांत आहेत.

मराठी घरांतून मला एकच प्रश्न येतो: आता मराठी थांबवायची का? अजिबात नाही. घरी मराठी, रस्त्यावर इंग्रजी, शाळेत गेलिक हे मुलाला झेपतं. माणूस आणि जागा पाहून ते भाषा निवडतं, आणि तुम्ही तुमची जागा सोडली तर तिथे गेलिक येत नाही, इंग्रजी येतं.

जूनअखेर शाळा सुटतात त्या थेट ऑगस्टच्या मध्यापर्यंत. या सहा-सात आठवड्यांसाठी मुलाबरोबर दोन पुस्तकं आणि चार गाणी द्या, बीबीसी आल्बा या गेलिक वाहिनीवरचे मुलांचे कार्यक्रम कधी लागतात ते लिहून द्या. तरी परत आल्यावर पहिले चार दिवस सगळे मुके असतात. त्यावर पुन्हा पाठ घेऊ नका. पाऊस येईलच. दाराशी उभं राहा, खुंटीवरच्या कोटाकडे हात करा आणि थांबा.